रॅमचा वेग कोण ठरवतं?

संगणकाचं बटण दाबलं की पंखा घुमतो, दिवे लागतात आणि पडदा थोडा वेळ काळाच राहतो. तो वेळ आपल्याला वाया गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्या काही क्षणांत आत विलक्षण बारकाईचं काम चाललेलं असतं. प्रोसेसर रॅमकडे शून्य-एकच्या ठरावीक माळा पाठवतो, त्या परत वाचून पाहतो, कुठे गफलत झाली ते ताडतो आणि प्रत्येक तारेवरचा संकेत पिकोसेकंदांच्या हिशेबात मागेपुढे सरकवतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. या कामाला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम संगणकात पहिल्यांदा बसवली की हे काम काही मिनिटंसुद्धा चालतं. संगणक बिघडला की काय, अशी शंका येऊन माणसं वीज बंद करतात. खरं तर तेव्हा फक्त वाट पाहायची असते.

दुकानात मात्र रॅमचा प्रश्न फार सोपा वाटतो. '२६६६ ची देऊ की ३२०० ची?' मोठा आकडा चांगला, असं गृहीत धरून आपण पैसे मोजतो. पण स्टिकवर छापलेला आकडा ही त्या रॅमची कमाल मर्यादा असते. ती प्रत्यक्षात किती वेगाने चालेल हे रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसर तिघं मिळून ठरवतात आणि तिघांनाही झेपेल असा वेग पक्का होतो. हा मेळ कसा जमतो हे पाहू लागलं की आपल्या टेबलाखालच्या त्या डब्याकडे बघायची दृष्टीच बदलते.

गळकी, तरी न विसरणारी

रॅमच्या आत पाहिलं की पहिलं आश्चर्य वाटतं ते तिच्या साधेपणाचं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. ही कल्पना आयबीएमच्या अमेरिकेतल्या वॉटसन संशोधन केंद्रातले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ च्या जूनमध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. २०२४ साली डेनार्ड गेले, पण आजही जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकाची मुख्य मेमरी याच जोडीवर उभी आहे. १६ जीबीच्या एका स्टिकवर अशा १३,७४३ कोटींहून अधिक जोड्या असतात.

एका जोडीतला हा भार केवढा असतो? काही दहा हजार इलेक्ट्रॉन, बस. आणि तेही टिकत नाहीत, सतत झिरपून जातात. म्हणून डीडीआर४ रॅममधला प्रत्येक सेल ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी त्या अवधीत ८,१९२ वेळा 'ताजं कर' असा आदेश सुटतो, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एकदा. डीडीआर५ मध्ये तर हा अवधी ३२ मिलिसेकंदांवर आला आहे. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर गळती वाढते, म्हणून आदेशही दुप्पट वेगाने द्यावे लागतात. तुम्ही पत्र टाइप करत असा किंवा खुर्चीवरून उठून चहाला गेलेले असा, तुमच्या संगणकातला प्रत्येक बिट सेकंदाला किमान पंधरा-सोळा वेळा नव्याने लिहिला जात असतो. आपल्याला जी स्थिर आठवण वाटते ती अखंड डागडुजीवर टिकलेली असते.

वाचणं तर त्याहून नाजूक. सेल उघडला की त्यातला इवलासा भार एका लांब तारेवर पसरतो आणि तिचा विद्युतदाब किंचित वर किंवा खाली जातो. टोकाला बसलेला प्रवर्धक तो सूक्ष्म फरक ओळखतो आणि वाढवतो. या खटाटोपात मूळ भार नाहीसा झालेला असतो, म्हणून तो लगोलग परत भरला जातो. एका सेलसाठी हे करता येत नाही, अख्खी ओळच उघडावी लागते. नेहमीच्या डीडीआर४ चिपमध्ये एका ओळीत ८,१९२ सेल असतात. आधी ओळ उघडायची, मग तिच्यातला हवा तो स्तंभ निवडायचा. स्तंभ निवडल्यापासून पहिला बिट बाहेर पडेपर्यंतच्या काळाला 'कॅस लेटन्सी' म्हणतात. स्टिकवर 'सीएल १६' किंवा 'सीएल २२' असं छापलेलं असतं ते हेच.

वीस वर्षांत न बदललेली गोष्ट

इथे एक हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. सीएलचा आकडा क्लॉकच्या ठोक्यांत असतो, वेळेत नाही. त्याची नॅनोसेकंदांत वेळ काढायची तर सीएलला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या वेगाच्या आकड्याने भागायचं. आता जुनी-नवी रॅम शेजारी ठेवू. डीडीआर-४००, सीएल ३: पंधरा नॅनोसेकंद. डीडीआर३-१६००, सीएल ११: पावणेचौदा. डीडीआर४-३२००, सीएल २२: तेही पावणेचौदाच. डीडीआर५-४८००, सीएल ४०: सुमारे पावणेसतरा.

वेगाचा आकडा ४०० वरून ४८०० वर गेला, बारापट झाला. पण सेलपर्यंत पोचून पहिला बिट आणायला लागणारा वेळ जवळपास होता तिथेच आहे. कपॅसिटरमधून भार तारेवर उतरायला, तो ओळखायला आणि परत भरायला जो वेळ लागतो त्याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. तिच्याशी घासाघीस करता येते, तिला वळसा घालता येत नाही.

मग बारापट वेग आला कुठून? एका फेरीत जास्त माल आणण्यातून. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला स्वयंपाकघरात जाऊन यायला लागणारा वेळ तोच असतो, पण एका वाटीऐवजी तो परातीत सोळा वाट्या घेऊन आला तर पंगत झरझर वाढून होते. पहिल्या डीडीआरने सेलच्या एका फेरीत प्रत्येक तारेसाठी दोन बिट आणले, डीडीआर२ ने चार, डीडीआर३ ने आठ. डीडीआर४ ने आठच ठेवले, पण चिपमधल्या कप्प्यांचे गट पाडून त्यांना आळीपाळीने कामाला लावलं. डीडीआर५ ने सोळा केले. आत सावकाश गोळा झालेले हे बिट बाहेरच्या तारेवर एकामागून एक भरधाव सोडले जातात. शिवाय क्लॉकचा ठोका वर जाताना एक आणि खाली येताना एक असे प्रत्येक ठोक्याला दोन बिट जातात. म्हणूनच डीडीआर४-३२०० चं क्लॉक प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचं असतं आणि प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट धावतात.

या मापांत एक सुबक योग आहे. डीडीआर४ मध्ये ६४ तारा आणि प्रत्येकीवर एका दमात आठ बिट, म्हणजे ६४ बाइट. डीडीआर५ ने त्याच तारांचे ३२-३२ चे दोन स्वतंत्र भाग केले आणि दमाची लांबी सोळावर नेली; पुन्हा बरोबर ६४ बाइट. आपले नेहमीचे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी नेमका एवढाच घास मागतात. तो घास एकाच दमात पुरा मिळावा, अशी ही मापं जुळवली आहेत.

बिटाची लांबी

आता तारेकडे पाहू. ३२०० च्या वेगाला एक बिट तारेवर एका नॅनोसेकंदाच्या तृतीयांशाहूनही कमी काळ टिकतो. प्रकाश निर्वातात एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून संकेत साधारण त्याच्या निम्म्या वेगाने पळतो. म्हणजे ३२०० च्या रॅममध्ये एका बिटाची तारेवरची लांबी पाच सेंटिमीटरही भरत नाही. ६००० च्या वेगाला ती अडीच सेंटिमीटरवर येते. पहिला बिट प्रोसेसरपाशी पोचायच्या आत दुसरा रॅममधून निघालेला असतो. बिट पट्टीने मोजता यावा, हे मला आजही थक्क करतं.

मदरबोर्ड हातात घेऊन प्रोसेसर आणि रॅमच्या स्लॉटांमधली जागा निरखून पाहा. काही रेघा नागमोडी काढलेल्या दिसतील. ती नक्षी नव्हे. एकत्र निघालेले बिट एकत्र पोचावेत म्हणून जवळच्या रेघेला मुद्दाम वळसे देऊन लांबच्या रेघेइतकं केलेलं असतं. तरीही थोडा फरक उरतोच. स्टिकवरच्या चिपा एका रांगेत असल्यामुळे क्लॉकचा ठोकाही प्रत्येक चिपेपाशी थोड्या वेगळ्या वेळी पोचतो. सुरुवातीला सांगितलेलं ट्रेनिंग हा उरलेला फरक मिटवण्यासाठी असतं. वेग जितका जास्त तितकी चुकीला जागा कमी, आणि मदरबोर्डच्या घडणीचा, स्लॉटांच्या संख्येचा, प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरच्या ताकदीचा कस तितका अधिक लागतो. म्हणून वेगाचा फैसला एकटी रॅम करू शकत नाही.

बोलणी कशी होतात

प्रत्येक स्टिकवर एक चिमुकली जादा चिप असते. तिच्यात त्या रॅमची सगळी माहिती नोंदलेली असते. या नोंदीला 'एसपीडी' म्हणतात. डीडीआर४ मध्ये ती ५१२ बाइटची, डीडीआर५ मध्ये १,०२४ बाइटची. संगणक सुरू होताच मदरबोर्ड आधी ही नोंद वाचतो. तिच्यात 'मला किमान इतका वेळ द्या' अशी मागणी ठोक्यांत नव्हे, प्रत्यक्ष वेळेत लिहिलेली असते. समजा, पहिला बिट द्यायला रॅमला १३.७५ नॅनोसेकंद हवेत. ती ३२०० वर चालवायची तर एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, भागाकार नेमका २२ येतो. तीच २६६६ वर चालवायची तर ठोका ०.७५ नॅनोसेकंदाचा, भागाकार १८.३३ येतो, आणि अर्धवट ठोका नसल्यामुळे १९ धरतात. डीडीआर४-२६६६ च्या स्टिकवर बहुधा सीएल १९ छापलेलं असतं, ते याच गणिताचं उत्तर आहे.

दोन वेगवेगळ्या स्टिक असतील तर दोघींच्या नोंदी वाचून प्रत्येक बाबतीत जी अधिक सावकाश तिची अट पाळली जाते. २४०० आणि ३२०० अशी जोडी लावली तर दोन्ही २४०० वर चालतात. सगळे उत्पादक 'जेडेक' या संस्थेने ठरवलेली मानकं पाळतात, म्हणून वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंपन्यांनी, कधी कधी अनेक वर्षांच्या अंतराने बनवलेल्या वस्तू एका क्षणात एकमेकींची भाषा समजून कामाला लागतात. डीडीआर४ चं मानक २०१२ साली आलं, डीडीआर५ चं २०२० साली.

पण पिढ्या एकमेकींत मिसळत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या स्टिकला २८८ संपर्कपट्ट्या असतात, मात्र मधली खाच वेगळ्या जागी असते. एक १.२ व्होल्टवर चालते, दुसरी १.१ वर. चुकीची स्टिक स्लॉटमध्ये बसू नये म्हणूनच खाचेची जागा बदललेली आहे. बसत नसेल तर कधीही जोर लावू नका.

खरेदीची वेळ येते तेव्हा

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. घरी किंवा कचेरीत इंटेल कोअर आय३-१०१०० प्रोसेसर आणि एच४१० चिपसेटचा मदरबोर्ड आहे, ८ जीबीची डीडीआर४-२६६६ ची एक स्टिक आहे आणि संगणक अडखळू लागला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात गेल्यावर ३२०० ची स्टिक समोर येते. ती चालेल का? चालेल. पण या प्रोसेसरची मर्यादा २६६६ आहे आणि हा चिपसेट ती ओलांडू देत नाही, म्हणून ती २६६६ वरच चालेल. तेवढ्याच किमतीला मिळत असेल तर खुशाल घ्या, पुढच्या मदरबोर्डला कामी येईल. ३२०० साठी जादा पैसे मात्र मोजू नका आणि जुनी २६६६ ची स्टिक काढूनही टाकू नका.

कारण खरा लाभ दुसरीकडेच आहे. आपल्या बहुतेक संगणकांत मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एकच स्टिक असेल तर एक वाट रिकामी पडून राहते. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती देऊ शकते. तिच्या जागी ३२०० ची एक लावली, आणि ती पूर्ण वेगाने चालली असं धरलं, तरी आकडा २५.६ वर थांबतो. २६६६ च्या दोन लावल्या तर तो ४२.६ वर जातो! वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकात चित्रंसुद्धा याच मेमरीतून काढली जातात, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

नवा संगणक जुळवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे एक्सएमपी आणि एक्स्पो. '३६०० सीएल १८' असं छापलेली स्टिक नुसती बसवली तर ती सुरक्षित अशा मानक वेगावर चालू होते, आणि तो ३६०० पेक्षा बराच कमी असतो. डब्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन इंटेलच्या मदरबोर्डवर एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ मदरबोर्डवर एक्स्पो हा पर्याय सुरू करावा लागतो. हे न केल्यामुळे कित्येकांची महागडी रॅम वर्षानुवर्षं सावकाश चालते. हा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेच्या पुढचा असू शकतो. म्हणून तो सुरू केल्यावर मेमटेस्ट८६ सारख्या चाचणीने रॅम तपासून घ्यावी आणि चुका आल्या तर वेग एक पायरी खाली आणावा.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वात मोठा आकडा सर्वात योग्य असतोच असं नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची अधिकृत मर्यादा ३२०० आहे, पण ३६०० ची रॅम त्याच्याशी उत्तम जुळते, कारण प्रोसेसरच्या आतली जोडवाट १८०० मेगाहर्ट्झवर रॅमच्या क्लॉकशी ठोक्याला ठोका मिळवून चालते. त्याच्या फार पुढे गेलं की हा मेळ तुटतो आणि आकडा वाढूनही काम रेंगाळतं. रायझन ७००० च्या प्रोसेसरांना अधिकृतपणे दोन स्टिक ५२०० वर चालवता येतात. चार लावल्या तर हीच मर्यादा ३६०० वर येते. म्हणून डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या चार घेण्यापेक्षा १६ जीबीच्या दोन घेणं केव्हाही शहाणपणाचं, आणि त्याही एकाच पाकिटात जोडीने विकलेल्या, कारण त्या एकत्र तपासलेल्या असतात.

आपली रॅम सध्या कुठल्या वेगाने चालते आहे हे पाहायला खर्च नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' पाहा. वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही तिथे दिसतं. सीपीयू-झेड हे मोफत साधन वापरलंत तर तिथे क्लॉकचा आकडा दिसेल, म्हणजे ३२०० ऐवजी १६०० च्या आसपास. तो पाहून फसवणूक झाली असं समजू नका.

तेव्हा रॅम घ्यायला निघण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: मदरबोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, प्रोसेसर किती वेगापर्यंत साथ देतो, मदरबोर्डच्या संकेतस्थळावरच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत काय आहे, आणि किती स्लॉट मोकळे आहेत. आधी पुरेशी मेमरी, मग दोन्ही वाटा भरणं आणि सगळ्यात शेवटी वेगाचा आकडा, हा क्रम सोडू नका. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ज्या वेगापर्यंत पोचतात त्याच्या वरच्या आकड्याला दिलेला प्रत्येक रुपया वाया जातो.